अंबादासभाऊंची काळजी

केदारखेड्याच्या थांब्यावर दुपारी पाऊणच्या सुमाराला भोकरदनहून एक बस यायची. बस थांबली की माणसं उतरायच्या आधी कंडक्टर खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि टॉवेलात गुंडाळलेला पितळी डबा आमच्या शाळेच्या शिपायाच्या, किसनमामांच्या, हातात द्यायचा. किसनमामा तो दोन्ही हातांनी धरून शिक्षकांच्या खोलीत आणायचे आणि निर्मलाताईंसमोर ठेवायचे. टॉवेल सोडला तरी डबा कोमट असायचा. वरच्या पुडात पोळ्या, खालच्यात भाजी आणि पोळ्यांवर चार घड्या घातलेली चिठ्ठी. मी त्या शाळेत निर्मलाताईंबरोबर सात वर्षं होते. नदीला पूर येऊन बस बंद पडली ते मोजके दिवस सोडले, तर डबा चुकला असं कधी झालं नाही.

डबा पाठवणारे होते निर्मलाताईंचे यजमान, अंबादासभाऊ. भोकरदनच्या स्टँडबाहेर त्यांचं वर्तमानपत्रांचं दुकान होतं. भल्या सकाळी बाहेरून आलेले गठ्ठे सोडायचे, गावोगावचे वेगळे बांधायचे, प्रत्येकावर निळ्या शाईनं गावाचं नाव लिहायचं आणि ज्या त्या बसमध्ये चढवायचे, हा त्यांचा धंदा. दहापर्यंत गर्दी ओसरली की दुकानाला फळी लावून ते घरी जायचे आणि स्वतःच्या हातानं स्वयंपाक करायचे. आमच्या भागात त्या काळी बायकोसाठी पोळ्या लाटणारा पुरुष म्हणजे ऐकूनही खरं वाटू नये अशी गोष्ट होती. हेडमास्तर गमतीनं म्हणायचे, "बाई, तुमच्या यजमानांना आमच्या घरी मात्र पाठवू नका. नाहीतर उद्या आमच्याही हातात लाटणं येईल." सगळे हसायचे. निर्मलाताईही हसायच्या. चिठ्ठी मात्र त्या भिंतीकडे तोंड करून वाचायच्या.

मी नोकरीला लागले ती चौऱ्याऐंशी साली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. माझे यजमान तहसीलमध्ये कारकून, सरळमार्गी माणूस. पण मी कितवीला शिकवते असं कुणी विचारलं असतं तर त्यांना थांबून विचार करावा लागला असता. मी आणि निर्मलाताई रोज भोकरदनहून एकाच बसनं जायचो-यायचो. त्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, उंच, सावळ्या, आवाज इतका स्वच्छ की त्या कविता शिकवू लागल्या की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प बसत. त्या मला अगं-तुगं करायच्या, मी त्यांना ताई म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्या आवाजाचा नाही, त्या डब्याचा.

अंबादासभाऊ दिसायला साधे होते. अंगानं बारीक, पांढरा सदरा, त्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, उजव्या हाताच्या बोटाला शाई. सुपारीचंही व्यसन नाही. बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागे. मी सकाळी स्टँडवर आले की माझ्यासाठी एखादं मासिक बाजूला काढून ठेवलेलं असायचं. "वाचून परत द्या, ताई. घाई न्हाई," म्हणायचे. आणि संध्याकाळी मासिक परत देताना सहज विचारायचे, आज बाई बसमध्ये कुठल्या बाजूला बसल्या होत्या, खिडकीशी की आत, येताना ऊन लागलं का, शेजारी कोण होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी घरी जाऊन यजमानांना म्हणाले, नवरा असावा तर असा. ते वर न बघता हूं म्हणाले.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. गिऱ्हाईक पेपर चाळू लागलं की म्हणायचे, "ह्याच्यात छापलंय ते समदं कालचं. मला आजचं पाहिजे असतं." लोकांना तो विनोद वाटायचा. दुसरं एक वाक्य ते माझ्याशीच बोलायचे, कारण निर्मलाताईंबद्दल ते माझ्याशीच बोलायचे. "मी संशय घेत न्हाई, ताई. मी काळजी करून राह्यलो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं ते वाक्य आहे हेच मला जाणवेनासं झालं.

दुसऱ्या वर्षी कधीतरी निर्मलाताईंनी मला पहिल्यांदा चिठ्ठी दाखवली. त्या दिवशी त्यांना ताप होता, हात थरथरत होता, म्हणून उत्तर लिहून दे म्हणाल्या. उत्तर लिहायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. चिठ्ठीत प्रश्न होते. पहिल्या तासाला कोणता वर्ग, दुसऱ्या तासाला कोणता, मधल्या सुट्टीत कुणाशी बोलणं झालं, काय बोलणं झालं. रिकाम्या डब्यात उत्तर घालून ते दोनच्या बसनं परत जायचं. मी विचारलं, एखाद दिवशी नाही लिहिलं तर? त्या म्हणाल्या, "मग ते येतात." एवढंच. नंतर मी पाहिलं. शाळेसमोर रस्त्यापलीकडे लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली सायकल लावून ते बसायचे. आत यायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. शाळा सुटेपर्यंत बसायचे आणि मग आमच्याच बसच्या टपावर सायकल टाकून बरोबर यायचे. बायकोसाठी बारा-तेरा किलोमीटर सायकल मारून आला म्हणून कंडक्टर त्यांचं कौतुक करायचे.

हात उगारतात का, असं मी निर्मलाताईंना विचारलं होतं. आमच्या बायकांच्या जगात त्रासाचं तेवढंच एक माप होतं. त्या नाही म्हणाल्या. कधीच नाही. शिवी नाही, दारू नाही. फक्त प्रश्न. घरी गेल्यावर दिवसभराचं सगळं पुन्हा सांगायचं, आणि सांगण्यात काही मागंपुढं झालं तर पहिल्यापासून सांगायचं. मूल नव्हतं. त्याबद्दल अंबादासभाऊ मला एकदा म्हणाले होते, "न्हाई झालं ते बराबरच झालं, ताई. माणसाचं ध्यान वाटलं जातं."

निर्मलाताईंना पुढं पुढं अन्न जाईना. डबा भरलेला परत गेला तर प्रश्न यायचे, म्हणून अर्धा डबा मी खाऊ लागले. अंबादासभाऊंच्या हाताला चव होती. भेंडी तर अशी कोरडी, खमंग करायचे की मी मधल्या सुट्टीची वाट बघू लागले. हे आमचं गुपित होतं. एक दिवस संध्याकाळी मासिक परत द्यायला गेले तर अंबादासभाऊ गठ्ठ्याची सुतळी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "ताई, भेंडीत मीठ जरा जास्त होतंय का तुम्हाला? उद्यापासून कमी टाकतो." आवाजात राग नव्हता. डोळ्यांत हसू होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तरीही, हे लिहायला लाज वाटते, मला बरंही वाटलं. माझ्या जिभेला काय आवडतं याचा विचार तोवर कुणी केला नव्हता.

बीडकडचे एक तरुण गुरुजी आमच्या शाळेत आले होते. निर्मलाताईंना बाहेरून एमएची परीक्षा द्यायची होती. गुरुजींनी पुस्तकं आणून दिली, एवढाच संबंध. महिन्याभरात तालुक्याच्या ऑफिसातून चौकशी आली. गुरुजींच्या वर्तणुकीबद्दल निनावी पत्र आलं होतं. हेडमास्तरांनी ते पत्र टेबलावर ठेवलं, आम्ही सगळ्यांनी वाचलं. निळी शाई होती. पत्राच्या वर 'केदारखेडा' असं लिहिलेलं होतं, आणि तो शब्द तसाच्या तसा मी रोज सकाळी पेपरच्या गठ्ठ्यावर बघत होते. निर्मलाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आम्ही दोघीही काही बोललो नाही. गुरुजींची बदली झाली. जाताना ते सगळ्यांना नमस्कार करून गेले. आपलं काय चुकलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवसानंतर निर्मलाताई बदलल्या. रडणं, कुढणं थांबलं. त्या एकदम शांत झाल्या, आणि मला वाटलं, चला, सवय झाली. टेंभुर्णीला त्यांचा भाऊ होता. त्याच्याकडे त्या दोनदा बोलून आल्या होत्या. तो म्हणाला, जीव लावणारा नवरा मिळालाय, अजून काय पाहिजे तुला. म्हणून माहेर संपलं होतं. परभणीला एक विधवा मावशी होती, तिनं ये म्हणून कळवलं होतं. ते पत्र माझ्या पत्त्यावर आलं. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात एका गुरुवारी बसमध्ये त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "शैला, शनिवारी मी जाणार. शाळा सुटली की आपल्या बसमध्ये बसायचं नाही. राजूरकडे जाणारी जीप धरायची, तिथून जालना, तिथून गाडी. कंडक्टर सगळे त्यांचे आहेत, जीपवाले नाहीत. कपड्यांची पिशवी तुझ्याकडे ठेवते. शनिवारी शाळेत घेऊन ये." नोकरीचं काय, मी विचारलं. म्हणाल्या, "नोकरी मागून येईल, नाही आली तर धुणीभांडी करीन. तू फक्त कुणाला सांगू नकोस."

शुक्रवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, अंबादासभाऊ माझ्या घरी आले. ते याआधी कधी आले नव्हते. माझे यजमान ऑफिसातून यायचे होते. अंबादासभाऊ खाटेवर बसले. पिशवी त्याच खाटेखाली होती. त्यांच्या पायांना लागेल इतकी जवळ. मी उभीच राहिले.

मग त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. लहानपणीची. ते सात वर्षांचे. दुपारची वेळ. आई म्हणाली, आलेच. घागर घेतली नाही, टोपलं घेतलं नाही, नुसती आलेच म्हणून गेली. हे दारात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी बापानं उचलून आत नेलं. "ती कुणासंगं गेल्ती, कुठं गेल्ती, हे साऱ्या गावाला माहीत होतं, ताई. शेजारणीला माहीत होतं. दुकानदाराला माहीत होतं. मला एकट्याला कुणी सांगितलं न्हाई." आणि ते रडू लागले. पुरुष असा रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. आवाज नव्हता, खांदे हलत होते फक्त. मग ते म्हणाले, "निर्मला जाणार हाय. मला कळतं. मी अडवणार न्हाई. बिलकुल न्हाई. फक्त कधी, तेवढं सांगा. मी पुन्हा दारात बसणारा पोरगा नको व्हायला."

मी सांगितलं.

गेली कित्येक वर्षं मी स्वतःला विचारते आहे की का सांगितलं. दया आली, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. असं वेड्यासारखं कुणी आपल्यावर जीव टाकावा आणि ते सोडून एखादीनं जीपनं निघून जावं, हे माझ्या आतल्या कुणाला तरी सहन झालं नाही. ते माणूस माझ्यासमोर बसून रडत होतं, आणि त्या क्षणी त्यांना माझी गरज होती, निर्मलाताईंची नाही. मी म्हणाले, "उद्या. शाळा सुटल्यावर. राजूरच्या जीपनं."

त्यांचं रडणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, पाणी मागितलं, प्यायले, भांडं खाली ठेवलं. दारात जाऊन वळले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "पिशवी उद्या आठवणीनं घेऊन जा, ताई. तिला लागंल."

शनिवारी सकाळची शाळा. बसमध्ये निर्मलाताई माझ्या शेजारी होत्या. पिशवी माझ्या मांडीवर होती. बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता. अर्धा तास तरी माझ्या हातात होता. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मी स्वतःला सांगत राहिले की त्यांनी अडवणार नाही असं म्हटलंय. निर्मलाताईंनी माझा हात धरला होता. त्यांचा हात गरम होता, आणि त्या खूप दिवसांनी बाहेर बघत होत्या. कापूस वेचणाऱ्या बायका दिसल्या तशी म्हणाल्या, "किती उन्हात राबतात गं," आणि हसल्या.

शाळा सुटली. मी फाटकाशी उभी होते. भोकरदनकडून जीप आली, थांबली. निर्मलाताई पिशवी घेऊन मागच्या बाजूला चढू लागल्या. आतून एक हात आला आणि पिशवी अलगद घेतली. अंबादासभाऊ सरकून बसले, जागा केली, पिशवी स्वतःच्या मांडीवर ठेवली. निर्मलाताईंचा एक पाय अजून रस्त्यावर होता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. मान वळवून शाळेच्या फाटकाकडे बघितलं. मग वर चढल्या. जीप निघाली.

पुढचं मला अंबादासभाऊंनीच सांगितलं, आठवड्याभरानं, दुकानात उभं राहून, जरा अभिमानानंच. दोघं जालन्याच्या स्टेशनवर गेले. बाकावर बसले. परभणीची गाडी आली. ते म्हणाले, जा. निर्मलाताई उठल्या. तेही उठले. त्या खाली बसल्या. तेही बसले. गाडी निघून गेली. "मी अडवलं न्हाई, ताई," ते म्हणाले. "तुम्हाला शब्द दिल्ता."

सोमवारी निर्मलाताई शाळेत आल्या. बसमध्ये वेगळ्या बाकावर बसल्या. दुपारी पाऊण वाजता डबा आला, त्यांनी तो एकट्यानं सगळा खाल्ला. मी जवळ जाऊन उभी राहिले. काय बोलणार होते कोण जाणे. त्यांनी डब्याची कडी लावली आणि म्हणाल्या, "मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं." सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला तुम्ही म्हटलं. त्यानंतर शेवटपर्यंत तुम्हीच म्हणत राहिल्या. कडवटपणा नव्हता त्यात. माणूस अनोळखी माणसाला म्हणतं, तसं.

मुलांची वार्षिक परीक्षा झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. पुढची काही वर्षं त्या अंबादासभाऊंच्या दुकानात मागच्या बाजूला एका स्टुलावर बसलेल्या दिसायच्या. पेपरच्या घड्या घालायच्या. बोटं शाईनं काळी झालेली. कवितेचा तो आवाज कुठं गेला, कळलं नाही. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर त्या पेपर पुढं करायच्या, बोलायच्या नाहीत. अंबादासभाऊंचा चेहरा भरला होता. मला म्हणाले, "आता बिलकुल काळजी न्हाई, ताई. दोघं एका जागी." चिठ्ठ्या संपल्या होत्या. प्रश्नही संपले असावेत, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पेपर घेऊन निघाले की निर्मलाताई मागून विचारायच्या, "तुम्ही बऱ्या आहात ना?" मी हो म्हणायचे. दुसरा रस्ता असता तर मी त्या दुकानावरून गेले नसते.

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात निर्मलाताईंना कावीळ झाली. भोकरदनच्या डॉक्टरांनी औरंगाबादला न्यायला सांगितलं. तिथं भरती करून घेतलं. आठ-दहा दिवस तरी ठेवावं लागेल म्हणाले. बायकांचा वॉर्ड होता. पुरुषांना ठरल्या वेळी भेटता यायचं, एरवी बाहेर थांबावं लागायचं. अंबादासभाऊ पहिला दिवस जिन्यात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून त्यांना घरी घेऊन आले. घरी काय कमी आहे, मी उसाचा रस देईन, पथ्य सांभाळीन, डोळ्यात तेल घालून बघीन, असं सगळ्यांना सांगत होते. आणि त्यांनी ते केलंही. चार दिवस ते खाटेच्या पायथ्याशी बसून होते. पाचव्या दिवशी सकाळी निर्मलाताई गेल्या.

अंबादासभाऊंनी दुसरं लग्न केलं नाही. गावानं त्यांची गोष्ट बनवली. लग्नाळू मुलांना त्यांचं उदाहरण देत. स्टँडवर उतरणाऱ्या पाहुण्यांना लोक दुकान दाखवून सांगत की हा माणूस बायकोसाठी रोज डबा करायचा. ते ऐकून अंबादासभाऊ मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा. त्यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. कालचं आणि आजचं हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. वाढलेली दाढी, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. मागचं स्टूल त्यांनी कुणाला तरी देऊन टाकलं होतं.

माझी बदली भोकरदनला झाली त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी पेपर घेतला तर त्यांनी माझं नाव घेऊन हाक मारली आणि आत बसायला सांगितलं. मी फळीच्या टोकाला टेकले. ते म्हणाले, "एक इचारायचं होतं, ताई. लई वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही मला का सांगितलं?"

मला वाटलं नव्हतं की हा प्रश्न ते विचारतील. तो विचारायचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तिनं तो कधी वापरला नाही. मी म्हणाले, तुम्ही रडत होतात.

"रडत होतो," ते म्हणाले. "खरंच रडत होतो. ढोंग नव्हतं ते. पण रडणाऱ्याला समदं द्यायचं नसतंय, ताई. तुम्ही न्हाई म्हणला असता, तर मी चार दिवस डोकं आपटलं असतं. मंग राह्यलो असतो. माणूस राहतंय. मी सात वर्षांचा होतो तवा बी राह्यलोच की. ती परभणीला जिती राहिली असती." मग म्हणाले, "मी तिला मारलं. पण मला तिच्याजवळ तुम्ही नेलं."

त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी आपल्या वाट्याचं झाकलं नाही आणि माझ्या वाट्याचंही झाकलं नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या, तुमचा काय दोष. ते तसं म्हणाले नाहीत. एवढा सरळ माणूस इतका वेडा कसा झाला, किंवा इतका वेडा माणूस शेवटी इतका सरळ कसा झाला, याचा मला अजून उलगडा होत नाही. एक गिऱ्हाईक आलं. मी उठले. नंतर आम्ही भेटलो की नमस्कार करायचो, बस.

पुढं दोन-तीन वर्षांनी ते झोपेतच गेले. वाचनालयात शोकसभा झाली. गावातले चारपाच जण बोलले. सगळ्यांनी डब्याचं सांगितलं. असं प्रेम आता बघायला मिळत नाही, असं सगळे म्हणाले. मग कुणीतरी म्हणालं, बाईंना सगळं जवळून माहीत आहे, बाईंनी दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले. समोर पन्नास-साठ माणसं. मी म्हणाले, अंबादासभाऊंचं अक्षर फार सुंदर होतं, आणि निर्मलाताईंची ते फार काळजी घ्यायचे. आणि खाली बसले. या वयातही तेवढंच जमलं मला.

माझ्या शेजारी आमच्या शाळेत नवीन लागलेली एक शिक्षिका बसली होती, स्वाती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाली, "किती छान ना, मॅडम. आमचे हेही तसेच आहेत. दर तासाला फोन करतात." तिच्या मांडीवर नवा मोबाइल होता. त्या सभेतही तो दोनदा वाजला होता; तिनं बाहेर जाऊन घेतला होता.

मी विचारलं, "आणि तू उचलला नाहीस तर?"

ती हसत होती. हसू तसंच राहिलं. पुढचे वक्ते बोलायला उभे राहिले. ती मोबाइलकडे बघत अगदी हळू म्हणाली, "मग ते येतात."

सभा संपली. माणसं चहाकडे वळली. मी तिला हाताला धरून वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर नेलं आणि जे मघाशी पन्नास माणसांसमोर बोलता आलं नाही, ते सगळं तिला एकटीला सांगितलं, माझ्या वाट्यासकट. ती ऐकत होती. मध्येच मोबाइल वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. ती उठून उभी राहिली. मी तिला म्हणाले, "स्वाती, उद्या-परवा कधी तुला वाटलं की निघावं, तर मला..." आणि थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "मलाही सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. नुसती जा."

तिनं मान हलवली की पदर सावरला, मला नीट दिसलं नाही. फोन कानाला लावून ती पायऱ्या उतरून गेली. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. बदली झाली, असं कुणी म्हणालं. नोकरी सोडली, असं आणखी कुणी म्हणालं. मी चौकशी केली नाही.